हिवाळ्याची ऊब मी पुसली

कापसाच्या बोळ्यावर रंग आला की हात थांबवायचा. जुनी चित्रं साफ करायला शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी हेच सांगतात. बोळ्यावर पिवळं, तपकिरी, काळं काहीही येऊ दे. ती धूळ असते, सिगारींचा धूर असतो, जुनं वॉर्निश असतं. पण लाल, निळं, गुलाबी आलं तर बोळा खाली ठेवायचा, खुर्ची मागे ओढायची आणि दुसऱ्या कुणाला तरी हाक मारायची.

मी हे काम पंचवीस वर्षं करतोय. नवीन येणाऱ्यांना मीही हे याच शब्दांत सांगतो. आणि एकदा मी थांबलो नव्हतो.

इथल्या मराठी मंडळाच्या या अंकासाठी दर वर्षी विचारणा होते, "माने, तुमच्या कामातल्या गमती लिहा की." दर वर्षी मी टेर्मिन आहेत, गिऱ्हाइकांना तारखा दिल्यात, हात रिकामा नाही, असं काहीतरी सांगून टाळलं. खरं म्हणजे गमती लिहायला बसलो असतो तर ही गोष्ट मधे आलीच असती. चौदा वर्षं ती बायकोलाही ठाऊक नव्हती. यंदा त्या गोष्टीपासूनच सुरुवात करतो; गमती वाटेत येतील तेवढ्या येतील.

आमची कार्यशाळा जर्मनीत, ब्राउनश्वाइगला, एका इमारतीच्या मागच्या अंगणात. दोन खोल्या आणि उत्तरेकडे मोठी खिडकी. पूर्वी तिथं शिंपी बसायचा, त्याच्या टाचण्या अजून फटींतून निघतात. कार्यशाळा होती फ्राऊ हाबरकोर्न यांची. (फ्राऊ म्हणजे बाई, हेर म्हणजे श्रीयुत.) मी कोल्हापूरचा. बाबा दुकानांचे फलक रंगवायचे, त्यामुळे ब्रश हातात लहानपणीच आला. चित्रकलेचं शिक्षण घेतलं, मुंबईत एका संग्रहालयात थोडं काम केलं आणि तिथून इथं शिकायला आलो. नोकरी मागायला गेलो तेव्हा फ्राऊ हाबरकोर्न यांनी एक ओरखडा पडलेलं निसर्गचित्र समोर ठेवलं आणि म्हणाल्या, "भरा." मी भरलं. त्यांनी भिंगातून शोधलं तरी ओरखडा कुठं होता ते सापडेना. मला वाटलं, आता शाबासकी.

"सुंदर," त्या म्हणाल्या. "आणि म्हणूनच हेर माने, मला तुमची भीती वाटते. ज्याचा हात इतका चांगला आहे त्याला चूक लपवता येते."

मी हसलो होतो. नोकरी मिळाली होती ना.

बाहेरच्या लोकांना आमचं काम म्हणजे रंगकाम वाटतं. ते नाही. आमचं काम मुख्यतः बघण्याचं आहे. जुनं वॉर्निश काळाबरोबर पिवळं पडतं, जणू चित्रावर चहा सांडलाय. ते द्रावकाने विरघळवून काढायचं, बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून, नखाएवढा भाग एका वेळी. वापरलेले बोळे झाकणाच्या बरणीत टाकायचे, म्हणजे वाफ खोलीत पसरत नाही. फ्राऊ हाबरकोर्न यांची आणखी एक पद्धत होती: प्रत्येक चित्राच्या बोळ्यांची बरणी वेगळी, वर चिठ्ठी, आणि चित्र मालकाच्या घरी पोचेपर्यंत ती फेकायची नाही. बरण्या जॅमच्या असायच्या. बाई चेरीचा जॅम फार खायच्या.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका गृहस्थांना आजोबांच्या तसबिरीतून मिशी काढून हवी होती, कारण आजीला ती आवडत नसे. आजी जाऊनही बराच काळ लोटला होता. आपली मंडळी देवांच्या जुन्या छापील तसबिरी आणतात. वोल्फ्सबुर्गहून एक इंजिनीअर लक्ष्मीची तसबीर घेऊन आले, सोबत भारतातून आलेले सासरे. त्या दिवशी खोलीत चार मोठी फ्रेंच चित्रं उभी होती. सासरे हात मागे बांधून त्यांच्यासमोर थांबले.

"हे काय हो?"

"ऋतू आहेत, अप्पा. वसंत, ग्रीष्म, शरद, हिवाळा. प्रत्येक ऋतू म्हणजे एक तरुणी."

"चारच? पावसाळा कुठाय?"

"फ्रेंचांना वेगळा पावसाळा नाही. त्यांच्याकडे बारा महिने थोडा थोडा."

"मग बारा महिने भिजतात आणि अंगावर कपडे एवढेच?"

"अहो पप्पा," जावई कळवळला, "चला, पार्किंग संपतंय."

ही गोष्ट त्याच चार चित्रांची आहे. ती होती फ्राऊ आल्डेनहोफ यांची. गावाबाहेर त्यांचं जुनं घर आहे, तिथल्या जेवणघरात चारही भिंतींवर एकेक. त्यांच्या आजोबांनी ती पॅरिसहून आणली. चित्रकार तिथल्या अकादमीच्या शिस्तीत तयार झालेला, त्याच्या काळी पदकं मिळवलेला आणि आज कुणाला नाव ठाऊक नसलेला. या शिस्तीची चित्रं अंडं सोलल्यासारखी गुळगुळीत असतात, ब्रशचा फटकारा दिसला की काम कच्चं. विषय ठरलेले. वसंत फुलं उधळतो, ग्रीष्माच्या कुशीत गव्हाची पेंढी, शरदाच्या हातात द्राक्षं, आणि हिवाळा शालीत गुरफटून शेगडीवर हात शेकत बसलेला. चौघींसाठी बसलेली मुलगी मात्र एकच. चेहरे त्याने बदलले, पण चारही चित्रांत डाव्या पायाची करंगळी तशीच वाकडी. हिवाळ्यातसुद्धा मुलगी अनवाणी. असल्या चित्रांत मोजे नसतातच.

आता एक तांत्रिक गोष्ट, ती समजली की पुढचं सगळं समजेल. हे चित्रकार अंगाचा रंग आधी फिकट रंगवत आणि शेवटी वरून पारदर्शक रंगाचा अगदी पातळ हात देत. गालावरची लाली, ओठांची ओल, सगळं त्या शेवटच्या हातात. काहीजण त्या रंगात राळ मिसळत, आणि राळ वॉर्निशमध्येही असते. त्यामुळे वॉर्निश विरघळवणारं द्रावक कधीकधी ती लालीही विरघळवतं.

पहिल्या तीन ऋतूंना दोघांनी मिळून साफ केलं. मग फ्राऊ हाबरकोर्न यांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. हिवाळा माझ्यावर आला. फ्राऊ आल्डेनहोफ यांचा सत्तरावा वाढदिवस जवळ आलेला, चारही चित्रं जेवणघरात हवी होती. त्यातून हे माझं एकट्याचं पहिलं मोठं काम.

सकाळची वेळ, खिडकीत छान प्रकाश. हनुवटीखाली पहिला बोळा फिरवला, तपकिरी आला. दुसरा फिरवला, तो गुलाबी.

मी थांबायला हवं होतं. मी काय केलं, तर स्वतःला कारण दिलं. पूर्वीचे विक्रेते चित्र खुलावं म्हणून कधीकधी वॉर्निशमध्येच रंग मिसळत. हे तसलंच असणार, मी म्हटलं. पण त्याच्याही मागचं कारण आज लिहितो, कारण ते फक्त माझंच होतं. माझ्या मते हिवाळ्याच्या चित्रात गुलाबी असायलाच नको होतं. हिवाळा म्हणजे गार आणि गार म्हणजे निळं, हे मी कोल्हापुरात कॅलेंडरावरचे बर्फाचे डोंगर बघून शिकलो होतो. इथं जन्मलेल्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की हिवाळा म्हणजे घर, चूल, शेकलेले हात. इतकी वर्षं मी या लोकांबरोबर हिवाळे काढले होते, पण चित्रातला हिवाळा मात्र मी कॅलेंडरातलाच ठेवला होता. म्हणून मी आपला निळा हिवाळा शोधत पुसत गेलो. हनुवटी, मनगटं, पावलं. सव्वीस बोळे.

मग मागे सरकलो. शेगडीत निखारे लाल होते आणि त्यांचा उजेड कुणावरच पडत नव्हता. मुलीचे हात निखाऱ्यांवर धरलेले आणि खडूसारखे पांढरे. जे मी पुसलं होतं ते वॉर्निश नव्हतं. ती शेगडीची ऊब होती.

त्या वेळी फोन उचलून हॉस्पिटलमध्ये फ्राऊ हाबरकोर्न यांना सांगितलं असतं तर काय झालं असतं? त्या चिडल्या असत्या. मालकिणीला पत्र गेलं असतं. माझ्या हातात पुन्हा वर्षभर फक्त चौकटी दिल्या असत्या. एवढंच. पण मला बाबांकडून आलेला चांगला हात होता. मी तीन दिवस बसून सावल्यांमधून निळसर पारदर्शक छटा फिरवली, म्हणजे ती मुलगी मुद्दामच गारठलेली वाटावी. तपासणीच्या अतिनील दिव्याखाली नवा रंग काळपट दिसतो, म्हणून वर तो दिवा फसेल असं वॉर्निश दिलं. अहवालात लिहिलं, "नंतरच्या काळातलं रंगीत वॉर्निश काढलं." चूक त्या सकाळी झाली, गुन्हा या तीन दिवसांत.

चित्र भिंतीवर चढलं तेव्हा फ्राऊ आल्डेनहोफ बराच वेळ बघत राहिल्या. "ती जरा गारठलीय का हो? लहानपणी जेवताना मी हट्टाने हिवाळ्याखालची खुर्ची घ्यायचे. एक भाऊ माझ्या बाजूला, बाकीची भावंडं वसंताखाली भांडायची. मला वाटायचं इथं ऊब आहे."

मी म्हणालो, "इतकी वर्षं तुम्ही मळ बघत होता. मूळ चित्र हे असं आहे."

त्या हसल्या. "असेलही. तुम्ही तज्ज्ञ. म्हातारपणी आठवणीही पिवळ्या पडतात."

हे वाक्य मी चौदा वर्षं वागवलं. चित्र बिघडवलं ते बिघडवलंच, वर एका बाईला तिची खरी आठवण खोटी आहे असं पटवून आलो. दर ख्रिसमसला त्यांचं कार्ड यायचं, "चौघी मजेत आहेत." मी कार्ड कपाटात ठेवायचो. त्याच कपाटात मागे चेरी जॅमची एक बरणी होती, वर चिठ्ठी: हिवाळा. चित्र गेल्यावर ती फेकायची होती. माझ्याने फेकवली नाही. फ्राऊ हाबरकोर्न यांनी निवृत्त होताना कार्यशाळा माझ्या हाती दिली, पाटीवर माझं नाव लावताना स्वतः शिडी धरली. त्या आता नाहीत. त्यांना सांगायचं राहिलं ते राहिलंच.

मागच्या वर्षी गणपतीत ऋजुता भेटली. सांगलीची, इथल्या तांत्रिक विद्यापीठात जुन्या रंगांच्या थरांवर पीएचडी करते. मोदकाच्या रांगेतच मला पकडलं. "काका, मला एकाच चित्रकाराची एकाच वेळची तीन-चार चित्रं हवीत, आणि ज्यांचं नीट रेकॉर्ड आहे अशी." फ्राऊ आल्डेनहोफ यांचं नाव मी दिलं नाही. दुसऱ्या कुणीतरी दिलं. दोन महिन्यांनी ती यंत्रं घेऊन त्यांच्या जेवणघरात पोचलीसुद्धा.

एके दुपारी ती कार्यशाळेत आली ती उड्या मारतच.

"काका, सापडलं! तीन ऋतूंत तो शेवटी लाल पातळ हात देतो. प्रत्येक वेळी. हिवाळ्यात देत नाही, तिथं निळा! म्हणजे बघा, फक्त हिवाळ्यात त्याने स्वतःची सवय मोडली. माझं अख्खं चौथं प्रकरण यावर उभं राहतंय."

"नमुना घेऊन बघितलास?"

"अजून नाही, फक्त वरून मोजमाप केलंय. पण तुमचा अहवाल आहे ना! इतका स्वच्छ अहवाल मी पाहिला नाही. आभारात तुमचं नाव पहिलं घालतेय. गाइडच्याही आधी, काय बोलतील ते बोलोत."

मी तिला चहा दिला. ती गेल्यावर कप विसळायचंही सुचलं नाही. आतापर्यंत माझं खोटं एका भिंतीवर टांगलेलं होतं. आता ते एका मुलीच्या नावाने छापलं जाणार होतं, आणि उद्या कुणी खरा नमुना काढला की खोटी ती ठरणार होती. बोललो तर कार्यशाळेचं नाव जाणार. न बोललो तर तिचं.

अकरा दिवस मी गप्प बसलो. बाराव्या दिवशी स्वयंपाकघरात बायको, मंजिरी, मेथी निवडत होती, तिला सांगितलं. ती सॉफ्टवेअरवाली. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणून तू डिसेंबरात असा होतोस? मला वाटायचं, अंधाराचा त्रास होतो."

"आता काय करू?"

"आमच्याकडे कुणी असं करून ठेवलं तर आम्ही पहिल्यांदा विचारतो, बॅकअप आहे का?"

ती सहज बोलून गेली. मी उठून कोट घातला. "कुठं निघालास?" तिने विचारलं. मी म्हणालो, "कपाटाकडे."

दुसऱ्या दिवशी ऋजुताला बोलावलं आणि बसायच्या आधीच सगळं सांगितलं. बसली असती तर माझा धीर सुटला असता. ती म्हणाली, "काका, मी सहा महिने तुमच्या ब्रशवर थीसिस लिहितेय?"

"हो."

"आणि त्या दिवशी मी इथं नाचत होते. तुम्ही चहा दिलात."

"हो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. बॅग उचलून ती दारापर्यंत गेली. मी बरणी पुढे केली. "सव्वीस बोळे आहेत यात. झाकण तेव्हापासून उघडलेलं नाही. जे पुसलं ते सगळं यात आहे."

तिने बरणी उजेडात धरली. आत वाळलेले बोळे, तळाचा तपकिरी, वरचे मळकट गुलाबी. तिने ती मफलरमध्ये गुंडाळली आणि निघून गेली. चार आठवडे फोन नाही, मेसेज नाही. मी रोज कामावर जात होतो आणि रोज पाटीवरचं नाव वाचत होतो.

मग ती आली. या वेळी उड्या मारत नाही. टेबलावर चार आलेख मांडले. "हा वसंतातल्या गुलाबांचा लाल. हा ग्रीष्माच्या ओठांचा. हा द्राक्षांवरचा. आणि हा तुमच्या बोळ्यांतला. म्हणजे, एकच. त्याच झाडाच्या मुळातून काढलेला रंग, तीच राळ. कुणा विक्रेत्याचं वॉर्निश नव्हतं ते. त्याचंच होतं."

"म्हणजे सवय मोडलीच नव्हती."

"गेनाऊ, अगदी बरोबर. उलट हिवाळ्यात त्याने सगळ्यात जास्त लावला होता. शालीच्या कडेला पुसायचं राहिलेलं होतं, तिथल्या नमुन्यात तीन थर." तिने आलेख गोळा केले. "चौथं प्रकरण फाडलं. नवं लिहिलंय, जुन्यापेक्षा चांगलं आहे. त्यात एक भाग या बरणीवर आहे. तिथं लिहावं लागेल की हे बोळे कुणाचे. नाव घालू का नको?"

"घाल."

"आभारातून मात्र काढलंय," ती म्हणाली.

"बरोबर आहे."

ती जरा घुटमळली. "मागून पुन्हा घातलंय. शेवटी, छोट्या अक्षरात. चहा करा आता."

फ्राऊ आल्डेनहोफ यांच्याकडे मी एकटाच गेलो. त्या आता चौऱ्याऐंशीच्या. हातात काठी, पण पाठ ताठ. हिवाळ्यासमोर उभं राहून मी त्यांना सांगितलं: काय पुसलं, काय लपवलं, काय खोटं लिहिलं. चित्राची किंमत उतरली असेल तर ती भरून घेण्याचा, माझ्याविरुद्ध तक्रार करण्याचा हक्क त्यांना आहे, तसा कागदही लिहून नेला होता. त्यांनी कागद घेतलाच नाही.

"म्हणजे ती गुलाबी होती," त्या म्हणाल्या.

"हो. हनुवटी, मनगटं, पावलं. तीन थर."

"म्हणजे माझी आठवण पिवळी पडली नव्हती."

"नाही. तुमचं बरोबर होतं. मी चूक होतो."

त्यांनी काठी चित्राकडे रोखली. "हेर माने, चौदा वर्षं मी माझ्या भावाला सांगत आले की आपण मुलं मूर्ख होतो, तिथं कसलीही ऊब नव्हती. आज संध्याकाळी मला त्याला फोन करावा लागेल. तुमच्यामुळे मला त्याची माफी मागावी लागणार, हे मी विसरणार नाही." आणि मग, "परत आणता येईल?"

मूळ रंग परत येत नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. पण माझा निळा थर निघेल. तेवढी अक्कल मी तेव्हाही ठेवली होती, पुन्हा काढता येईल असाच रंग वापरला होता. त्यावर बोळ्यांतल्या लालाशी जुळवून नवी लाली भरता येईल, बारीक रेघांनी, जवळून बघणाऱ्याला ती माझी आहे हे कळेल अशी. आणि अहवालात पहिल्या ओळीपासून खरं लिहीन. त्यांना हवं असेल तर हे काम दुसरा कुणीही करेल, चांगली नावं मी देतो.

"दुसरा कशाला?" त्या म्हणाल्या. "कुठं कुठं पुसलंय ते तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?"

निळा थर मी तिथंच, त्यांच्या जेवणघरात काढला. ऋजुता कॅमेरा लावून शेजारी उभी होती, प्रत्येक बोळ्याचा फोटो काढत. बोळे निळे येत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा बोळ्यावर रंग येत असताना मला हात थांबवायची गरज नव्हती. दुपारपर्यंत मुलगी पुन्हा खडूसारखी पांढरी झाली, माझ्या त्या सकाळी होती तशी. मी लाली तयार करायला घेतली.

मागे लाकूड फरशीवर घासल्याचा आवाज आला. फ्राऊ आल्डेनहोफ टेबलाच्या त्या टोकाची खुर्ची ओढत होत्या. ऋजुता धावली, तर तिला काठीनेच बाजूला केलं. हिवाळ्याच्या बरोबर खाली खुर्ची लावली आणि त्या बसल्या.

"थांबा हो," मी म्हणालो, "अजून काहीच भरलेलं नाही. ती अजून गारच आहे."

"तुम्ही तुमचं काम करा," त्या म्हणाल्या आणि शाल सावरून पाय पुढे पसरले.